भोपळ्याचे बी धरण्याविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

या हंगामात साठवणीच्या भोपळ्याचे वेल लावायचे तुम्ही ठरवले आहे आणि कोणता वाण घ्यावा असे मला विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे स्पष्ट मत असे की अनेक वाण लावू नयेत. एकच जुना वाण निवडावा, त्याचे बी तुम्ही घरीच धरावे आणि पुढे ते मी तुमच्याकडून घ्यावे. जुन्या वाणाचे बी शुद्ध राहिले, तर पुढच्या वर्षी तेच फळ आणि तीच चव परत मिळते. संकरित बियाण्याच्या फळातून ही खात्री मिळत नाही.

टिकणारे बहुतेक भोपळे कुकुर्बिटा वंशाच्या पेपो, मॅक्झिमा आणि मोशाटा या तीन प्रजातींत मोडतात. पेपोमधला एकॉर्न लवकर खाऊन संपवावा लागतो. मॅक्झिमामधला हबर्ड अनेक महिने टिकतो, आणि त्याचा इतिहास मला फार आवडतो: अमेरिकेतील मार्बलहेडचे जेम्स ग्रेगरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याचे बी विक्रीस आणले आणि ज्या बाईंमुळे त्या भोपळ्याकडे लक्ष गेले, त्या एलिझाबेथ हबर्ड यांचे नाव त्याला दिले. मात्र हबर्डचे फळ जड आणि साल अतिशय कठीण असते, त्यामुळे तुमच्या हातांचा विचार करता तो मी सुचवणार नाही. तुमच्यासाठी मोशाटा प्रजातीतला बेताच्या आकाराचा बटरनट योग्य आहे. त्याची साल पातळ आहे, गर घट्ट आणि बिनरेषांचा आहे, आणि त्याचे खोड भरीव असल्यामुळे खोड पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव त्याला तुलनेने कमी होतो.

बी धरायचे तर परागीभवन आपल्या हाताने करावे लागेल, कारण मधमाश्या शेजारच्या बागेतल्या दुसऱ्या मोशाटाचे परागही आणतात. त्या संकराचा परिणाम या वर्षीच्या फळात दिसत नाही. तो पुढच्या वर्षी त्या बियांतून उगवलेल्या वेलांवर दिसतो, आणि तोवर वाण हातचा गेलेला असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी, टोकाला पिवळसर झालेल्या पण न उमललेल्या कळ्या शोधाव्यात. मादी कळीच्या मागे इवलेसे फळ असते, नर कळी नुसत्या लांब देठावर असते. दोन्ही प्रकारच्या कळ्यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावीत. सकाळी लवकर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी नीट फिरवावा आणि मादी फूल पुन्हा बांधून त्याच्या देठाला रंगीत दोरा लावावा. बाबा, तुम्ही पहाटेच उठता, त्यामुळे हे काम तुमच्याच वाट्याला यावे असे मला मनापासून वाटते. दुपार होईपर्यंत फुले मिटून जातात.

फळ काढण्याची घाई करू नका. सालीवरचा हिरवा रंग पूर्ण जाऊन ती एकसारखी बदामी दिसू लागली आणि तिच्यात नख रुतेनासे झाले, की फळ पक्व समजावे. फळाला दोन-तीन इंच देठ ठेवून कापावे आणि उचलताना देठाला धरू नये, कारण देठ मोडला की तिथूनच कूज शिरते. त्यानंतर दहा-बारा दिवस फळे साधारण २७ अंश सेल्सिअसच्या उबदार, हवेशीर जागी ठेवली की साल आणखी टणक होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. पुढे ती १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागी, एकमेकांना न टेकता मांडावीत. त्याहून थंड जागा, म्हणजे शीतकपाट, त्यांना सोसत नाही.

आई, आता तुझा विषय. काढल्याबरोबर बटरनट शिजवू नकोस. साठवणीत त्यातल्या पिठूळ द्रव्याची हळूहळू साखर होते, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने तोच भोपळा कितीतरी गोड लागतो, आणि तेवढ्या काळात फळातल्या बियाही भरतात. कापण्यासाठी जोर लावू नकोस. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून अख्खे फळ १८० अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण तासभर भाजले की ते लोण्यासारखे मऊ होते. बियाण्याचे फळ मात्र कच्चेच कापावे लागेल, कारण भाजलेली बी उगवत नाही. ते बाबांनी खाली ओले फडके अंथरून कापावे. उरलेला गर गोठवून ठेवावा, घरी बरणीत भरून ठेवू नये, कारण त्यात आंबटपणा नसल्याने घातक जंतू वाढू शकतात. आणि कधी एखाद्या फळाचा कच्चा तुकडा कडू लागला, तर तो थुंकून ते सगळे फळ टाकून द्यावे. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवल्याने जात नाही.

बिया धुऊन, चिकट गर पूर्ण काढून, सावलीत वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत वाळवाव्यात. त्या कोरड्या आणि थंड जागी चार वर्षे तरी उगवणक्षम राहतात. पाकिटावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून निम्म्या तुमच्याकडे ठेवा आणि निम्म्या मला पाठवा. माझी जागा तयार आहे.

तुमची,
लेक