फूड बँक रविवारी रात्री उघडी असेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीम लीडरशिपच्या स्पर्धेसाठी कॉलेजच्या मुलांनी उपाशी विद्यार्थ्यांकरता फूड बँक काढली, त्यावर कालच्या अंकात अर्धं पान छापलंत, ते वाचलं. पाच मुलं, सारख्या रंगाचे टी-शर्ट, मागं बॅनर. कॅप्टन कोण, ब्रँडिंग कुणाकडं, लॉजिस्टिक कुणाकडं, सगळं नावानिशी आहे. टीम लीडरशिपची स्पर्धा म्हटल्यावर लीडरच दिसणार, उपाशी पोरगं कशाला दिसतंय! मुलांचं कौतुक आहेच. पण तुमच्या वार्ताहरानं एखादी मेसवाली गाठली असती तर बरं झालं असतं. राजारामपुरीत फार शोधावं लागत नाही. मी त्यातलीच एक.

'शहरातल्या मेसमध्ये रोज उरणारं अन्न गोळा करणार' हे वाक्य वाचून मला हसू आलं. ज्या मेसमध्ये रोज अन्न उरतं, ती मेस फार दिवस चालत नाही. मेंबर किती, खाडे किती, हे बघूनच आम्ही कणीक मळतो. चपात्या उरल्या तर सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी पडते. त्यातूनही राहिलं तर भांडी घासायला येणारी बाई घरी नेते. तिच्या पोरांच्या तोंडचं काढून कॉलेजला द्यायचं का?

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक टीम माझ्याकडं आली होती. कालच्या फोटोतली मुलं नव्हेत, कॉलेजही वेगळं, नाव घेत नाही. रात्री सगळं आवरल्यावर आली. हातात मोबाईलचा स्टँड होता, डबा-पिशवी काही नाही. "मावशी, तुमच्याकडं रोज किती किलो अन्न वाया जातं?" हा पहिला प्रश्न. वाया जात नाही म्हटल्यावर चेहरे पडले. त्यांच्या तक्त्यात तो रकाना रिकामा राहणार होता म्हणे. मला वाईट वाटलं, पुन्हा गॅस पेटवला, आमटी-भात करून दिला. माझ्याच दोन पातेल्यांतून नेला. त्यातलं एक पितळी, सासूबाईंचं नाव कोरलेलं.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, पाहुणे यायला दुपार झाली. रात्रीची आमटी, भर उन्हाळा, झाकण घट्ट. पुढं काय झालं ते माझ्याच एका मेंबरनं सांगितलं. फोटो निघाले आणि आमटी मोरीत गेली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, आमटी सकाळी न्या, भात तिथंच शिजवा.

पण पातेली? कॅप्टनला फोन केला तर म्हणाला, "मावशी, ते लॉजिस्टिककडं असेल." लॉजिस्टिकवाली मुलगी म्हणाली, "माझ्याकडं फक्त पिक-अप होतं, रिटर्न दुसऱ्याकडं." त्या दुसऱ्याची परीक्षा सुरू होती. सरांना भेटले, तर स्पर्धेचा अहवाल सादर झालाय, त्यात भांड्यांचा उल्लेख नाही असं ऐकून घेतलं. त्यांना बक्षीसही मिळालं, दुसरं की तिसरं. पातेली अजून मिळालेली नाहीत. स्टीलचं गेलं तर गेलं, पितळी तरी द्या. पाच जणांत कामं इतकी बारीक वाटली होती की भांडं परत करायचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

आता उपाशी मुलाविषयी. तो बॅनरखाली येणार नाही. तुम्ही छापलेल्या योजनेत फॉर्म आहे, नाव, वर्ग, 'गरजेचे कारण'. चंदगड, गगनबावड्याकडून आलेलं पोरगं कारण लिहीत बसेल का, आणि तेही वर्गातल्या पोरींसमोर? मला तो खाड्यावरून कळतो. आधी दोन वेळची मेस असते, मग "मावशी, दुपारी कॉलेजातच असतो" म्हणून एक वेळ करतो. मग गावी जातो सांगून खाडे धरायला लावतो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर दिसतो. शिष्यवृत्ती जमा झाली की देतो, हे सांगताना मान वर करत नाही. अशाला हाक मारून 'जरा चपात्या जास्त झाल्यात, ने' म्हणावं लागतं. त्याला फॉर्म नसतो.

हे शहर बोर्डिंगांचं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क. आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्यांचं ब्रँडिंग कोण बघत होतं, तुमच्या वार्ताहरांनाच विचारायला हवं.

तुम्हीच चौकटीत दिलंय की अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थी १९९३ पासून फूड बँक चालवतात. म्हणजे बक्षीस समारंभानंतरही चालवतात, हे चौकटीत राहून गेलं. आणि तिथं देतात तसलं कोरडं धान्य इथं देऊन उपयोग काय? कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला खोलीत शेगडी पेटवायला मालक देत नाही, तांदूळ कशावर शिजवणार? शिजलेलं द्यायचं तर त्यालाही कायदा आहे. उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, नोंदणी करावी लागते. साध्या मेसवालीला नोंदणी चुकली नाही, टी-शर्टवाल्यांना का चुकावी?

मुलांना खरंच काही करायचं असेल तर रविवारची रात्र घ्यावी. रविवारी दुपारी फिस्ट असते आणि संध्याकाळी बहुतेक मेस बंद. आम्हालाही एक वेळ हवीच की. खिशात पैसे असलेली पोरं वडापाव, मिसळ खातात. बाकीची दुपारीच चार चपात्या जास्त खाऊन घेतात, ते दिसतं आम्हाला. दर रविवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये पिठलं-भात शिजवा, कुपन सगळ्यांना सारखंच द्या, पैसेवाल्यांकडून पैसे घ्या, ज्याच्याकडं नाहीत त्याचं कुपन आधीच कुणीतरी भरून ठेवलेलं असू द्या. परीक्षेच्या रविवारीही शिजवा. स्पर्धा संपल्यावरच्या रविवारीही. भात किती लावायचा ते सांगायला मी येईन, बोलावलंत तर. भांडी तुमची आणा.

आपली,
एक मेसवाली, राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर दोनदा छापायचं राहिलंय. माझे मेंबर मला विचारतात, मी कुणाला विचारू? आणि तो चौकोन एवढा बारीक का केलाय?