दोन सीन आहेत म्हणून लपवू नकोस

सोन्या,

परवा फोनवर बोललास, काही नाही ओ बाबा, दोनच सीन आहेत, आणि वर आईला सांगू नका म्हणालास, तेव्हापासून मशीनवर बसतोय पण मन लागत नाहीये. फोनवर तू नुसता हो हो करतोस म्हणून लिहितोय, शूटिंगच्या गडबडीत नको, रात्री रूमवर गेलास की नीट वाच.

ए. के. हंगल तुला शोलेतले इमामसाहेब म्हणून माहितीयेत, पण तो माणूस आपल्या धंद्यातला, शिंपी. शाळेत मला कोणी शिंप्याचा पोर म्हणून चिडवलं की मी त्यांचंच नाव सांगायचो. कराचीत कम्युनिस्ट चळवळीत होते म्हणून तुरुंगात गेले, सुटून १९४९ ला मुंबईत आले आणि इथे लोकांचे कपडे शिवून घर चालवलं, आणि त्यातूनच इप्टा या डाव्या विचारांच्या नाटकमंडळीची नाटकं, बलराज साहनी, कैफी आझमी अशा लोकांबरोबर. पिक्चरमध्ये आले तेव्हा पन्नाशी गाठलेली! तू सव्वीसाव्या वर्षी उशीर झाला म्हणतोस.

शोले मी आजोबांबरोबर मिनर्व्हा थिएटरला बघितला, पाच वर्षं चालला तिथे. हंगलांचे सीन मोजून बघ, थोडेच आहेत. त्यांचा मुलगा अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर, त्याला गब्बर मारतो आणि घोड्यावरून प्रेत गावात येतं, सगळे गप्प, आणि हा आंधळा बाप विचारतो एवढी शांतता का. गाव तेव्हा जय-वीरूला बाहेर काढायच्या तयारीत असतं, आणि ज्याचा पोरगा गेलाय तोच म्हातारा बोलतो म्हणून गाव थांबतं. तो सीन काढला तर पुढची गोष्ट उभीच राहत नाही रे. तू झालास ना, तेव्हापासून टीव्हीवर तो सीन लागला की मी उठून आत जातो, आईला विचार.

आणि कायम गरीब सज्जन म्हातारेच केले असं नाही, १९८२ चा शौकीन बघ, तिथे एकदम वेगळेच आहेत.

पण एक काळजी पण आहे, ती लपवत नाही. दोनशेच्या वर पिक्चर केले, २००६ ला पद्मभूषण मिळालं, आणि तरी २०११ मध्ये औषधपाण्याला पैसे कमी पडले, मग इंडस्ट्रीतली माणसं मदतीला आली. वाचलं तेव्हा फार वाईट वाटलेलं मला. म्हणून सांगतो, चेक आला की थोडे बाजूला टाक, आणि काम नसेल त्या महिन्यात लालबागला येऊन मशीनवर बस, काज-बटण तुला येतंच. त्यात कमीपणा वाटून घेऊ नको. २०१२ ला गेले तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी व्हीलचेअरवर बसून सिरियलमध्ये काम केलेलं.

आईला मी सांगून टाकलंय, रागावू नकोस. ती शेजारी सगळ्यांना सांगत सुटलीये आणि मला दहा वेळा विचारून झालं, कुठल्या दिवशी लागणार.

प्रॉडक्शनचा शर्ट खांद्यात ओढतोय म्हणालास, तर त्यांच्या ड्रेसवाल्याला विचारून रविवारी येताना घेऊन ये. बाही उसवून अर्धा इंच सोडतो, तासाभराचं काम आहे.

बाबा