मिशिगनहून आई-बाबांना

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
17 मे

ती. आई-बाबांस सा. न.,

मी मजेत आहे. ऑफिस, जेवणखाण, सगळं तुम्हाला फोनवर माहीतच असतं. आई, इथली थंडी सरली, आता स्वेटर नको पाठवू.

बाबा, "इतकं शिकून पोरगी दगडं वेचते" असं काका म्हणाले म्हणे. त्यांना हे वाचून दाखवा. बर्फ वितळला की इथल्या पेटोस्की गावाच्या किनाऱ्यावर म्हातारेकोतारे, लेकरं, सगळे 'पेटोस्की दगड' शोधत कमरेत वाकून चालतात. हातात पाण्याची फवाऱ्याची बाटली. दगड उचलायचा, ओला करायचा, निरखायचा, टाकून द्यायचा. बाटली नसेल तर काहीजण चक्क जिभेनं चाटतात! कारण कोरडा असताना तो नुसता राखाडी चुनखडक. ओला झाला की मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं उमटतात. प्रत्येक घरात मधोमध काळा ठिपका, त्याच्यापासून कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक रेषा. एकेक घर म्हणजे एकेक प्रवाळ, ठिपका म्हणजे त्याच्या तोंडाची जागा, गाळानं बुजलेली. हेक्सागोनारिया म्हणतात त्याला. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता, त्यात या जिवांनी प्रवाळभित्ती उभारल्या. पुढे हिमनद्यांनी तो खडक उपटून दूरवर पसरवला. बाबा, आपल्या नागपूरजवळ टाकळीला त्या मिशनरी हिस्लॉप साहेबांना सापडलेले जीवाश्म शंख तुम्हीच मला सांगितले होते ना? ते गोड्या पाण्यातले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. हे त्याहून कितीतरी जुने. हातात धरला की खरंच अंगावर काटा येतो.

आणि ही चोरी नाही. 1965 पासून हा मिशिगनचा राज्य-दगड आहे. राज्य सरकारच्या जमिनीवरून माणशी वर्षाला 25 पौंड, म्हणजे 11 किलोच्या आसपास नेता येतात. स्लीपिंग बेअर ड्यून्स या केंद्र सरकारच्या राखीव किनाऱ्यावर मात्र उचलायला बंदी आहे, तिथे मी हातही लावत नाही. आई, घोट्याच्या वर पाण्यात जात नाही आणि एकटी तर नाहीच.

खर्चही नाही यात. दगड मऊ असतो. 220, मग 400, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलाच घासायचा, शेवटी मखमलीवर पावडर. रविवारची दुपार त्यात निघून जाते. नाहीतर त्या दिवशी खोली फार शांत वाटते.

आता मुद्द्याचं. चिंटूच्या साक्षगंधाला मला येता येणार नाही. आत्ता रजा घेतली तर लग्नाला उरत नाही. त्याला मी फोनवर सांगितलं, तो "चालते ना ताई" म्हणाला, पण आवाजावरून कळलंच. लग्नाला आठ दिवस आधी येते, हळदीची सगळी तयारी माझ्याकडे. माझ्यासाठी आलेल्या अमरावतीच्या स्थळाला मात्र नाही कळवून टाका, त्या लोकांना ताटकळत ठेवू नका.

दीड लाख पाठवले आहेत. लॉनचा अ‍ॅडव्हान्स त्यातून द्या, पण आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करा, लग्नापर्यंत थांबू नका. कमी पडले तर मला सांगा, काकांकडे मागू नका.

तुमची,
मनू