किरणोत्सारी कचरा जाळून संपत नाही

संपादक महोदय,

गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड जळते तेव्हा कार्बन ऑक्सिजनशी जोडला जातो. हलतात ते फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन, अणुकेंद्र जसेच्या तसे राहते. किरणोत्सार मात्र अणुकेंद्रातूनच येतो. म्हणूनच किरणोत्सारी कचरा जाळून नष्ट होतो हा समज चुकीचा आणि घातकही आहे. या कचऱ्यातले सीझियम-१३७ भट्टीत घातले तरी त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे ३० वर्षेच राहते. उलट ते वाफ होऊन धुरासोबत पसरते. तारापूरला अतिकिरणोत्सारी कचरा काचेत कोंडतात तो यासाठीच. कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) ऊर्जा मिळते, युरेनियम-२३५ चे एक केंद्र फुटताना सुमारे २० कोटी! अणुभट्टीत काही जळत नाही, केंद्रे फुटतात; म्हणून शालेय विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर अणुभट्टीत ज्वाळा रंगवणे कृपया थांबवावे.

– एक विज्ञान शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर