काकरापार आपल्या तापीवरच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुऊर्जेवरून आपल्या दैनिकात चाललेली पत्रापत्री मी दुपारी पेढीवर वर्दळ कमी असते तेव्हा वाचतो. २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॅट अणुवीज करायची, असे सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आणि या विषयाला पुन्हा तोंड फुटले. कोणी कोकणातल्या नियोजित जैतापूर अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या माडबन गावकऱ्यांची बाजू मांडतो, कोणी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, काय झाले, असे विचारतो. दोन्हीकडचे तावातावाने लिहितात. पण आपल्या खान्देशातल्या एकाही पत्रलेखकाने काकरापारचे नाव घेतलेले माझ्या वाचनात आले नाही.

प्रकाशाला आपण जिच्यात अस्थी सोडतो ती तापी पुढे उकाईच्या धरणात अडते आणि तिथून खाली काकरापारला जाते. तिथे, गुजरातेत, अणुवीज केंद्र आहे. २२० मेगावॅटच्या दोन भट्ट्या १९९३ आणि १९९५ पासून चालतात, आणि आता ७०० मेगावॅटच्या आणखी दोन सुरू झाल्या आहेत; त्यातली दुसरी, म्हणजे केंद्रातली चौथी, २०२४ मध्ये. तिथल्या विजेचा वाटा महाराष्ट्रालाही मिळतो. सरळ रेषेत मोजले तर नवापूर तिथून ४५ किलोमीटरच्या आसपास आणि आमचे नंदुरबार ९० च्या. जैतापूर कुठे आणि आपण कुठे! कापड भरायला सुरतेच्या गाडीत बसणारा आमचा प्रत्येक व्यापारी नवापूर, सोनगड, व्यारा करत त्या केंद्राच्या बाजूनेच जातो. व्यारा आले की चहावाला दिसतो, एवढेच.

पेढीवर मी हा विषय काढला तर एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "भाऊ, ते तं गुजरातमा से. तठला वारा आठे थोडाच येस?" पावसाळ्यात वारा नेमका तिकडूनच येतो, हे त्यांना शेतकरी म्हणून माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ढग नवापूरकडून चढले की त्यांच्याच तोंडावर हसू येते. पण ढगासाठी सीमा नाही आणि अणूसाठी आहे, असा त्यांचा हिशेब.

तिथे कधी काही झालेच नाही, असेही नाही. १९९४ च्या जूनमध्ये अतिवृष्टीचे पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले होते. ११ मार्च २०१६ ला, म्हणजे जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्याच दिवशी, पहिल्या भट्टीतली नळी फुटून भट्टी थंड ठेवणारे जड पाणी गळले आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. भट्टी आपोआप बंद पडली आणि बाहेर किरणोत्सर्ग वाढला नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ती भट्टी पुन्हा चालू व्हायला २०१९ उजाडले. जैतापूरवर तासभर बोलणाऱ्यांना यातली एकही तारीख सांगता येत नाही. याला मी अज्ञान म्हणणार नाही. सुरत आमची बाजारपेठ आहे, पोरे तिथे कामाला आहेत, सोयरीक तिथे आहे. जिथे आपले पोट गुंतलेले असते तिथला धोका माणूस स्वतःपासूनच लपवतो.

आता याची उलटी बाजू. माझा धंदा मिरचीचा. परदेशी किंवा मोठ्या कंपन्यांना जाणाऱ्या मसाल्यावर जंतू मारायला गॅमा किरण सोडतात. वाशीला त्यासाठी सरकारी केंद्र २००० पासून आहे, लासलगावला कांदा-आंब्यासाठी आहे. हे किरण कोबाल्ट-६० मधून निघतात आणि तो कोबाल्ट आपल्याच अणुभट्ट्यांत तयार होतो. किरणांनी मिरची किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढलेला माणूस होत नाही तशीच. तरी गिऱ्हाईक दबक्या आवाजात विचारते, "शेठ, याला किरण मारले नाहीत ना?" नाही म्हटले की निर्धास्त होऊन पोते उचलते.

त्या पोत्यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, ओली मिरची जमिनीवर पसरतात. अवकाळी पाऊस झाला किंवा दव जास्त पडले की मिरचीच्या आत बुरशी धरते. वरून साल लालभडक, पण फोडले तर बियांवर राखाडी-हिरवट तवंग. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते. यकृताचा कॅन्सर करणारे विष म्हणून ते जगभर नोंदले गेले आहे, आणि भाजून-तळूनही ते पुरते जात नाही. युरोपात किलोला १० मायक्रोग्रॅमच्या वर सापडले तर माल परत येतो. एकदा तयार झालेले हे विष नेहमीच्या किरणांनीही निघत नाही. माल नीट वाळवणे हाच उपाय. मिरचीचे डेखे (देठ) खुडणाऱ्या बाया दिवसभर खोकतात, हाताची आग रात्री झोपू देत नाही, तरी तोंडाला फडके बांधा म्हटले तर हसतात. हे सगळे डोळ्यांसमोर आहे, रोजचे आहे, म्हणून धोक्यात धरायचे नाही.

आणि घरात कोणाला कॅन्सर निघाला की हेच आम्ही मुंबईला टाटाला किरणांचा शेक घ्यायला धावतो. तेव्हा किरणांची भीती कुठे जाते? तिथे आम्ही डॉक्टरांना विचारतो, किती शेक, किती दिवस, काय त्रास होईल. मात्रा विचारतो. वीज केंद्राच्या बाबतीत मात्रा कोणी विचारत नाही. धोका 'असतो' किंवा 'नसतो' यावर आमची गाडी अडते. भुसावळकडच्या पाहुण्यांचेही तेच. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेतही युरेनियम-थोरियमचा अंश असतो, हे सांगितले तर ते माझ्याकडे संशयाने बघतात. राखेची सवय झाली, पगार चालू आहेत, विषय संपला.

पण मी हे अणुवाल्यांच्या बाजूने लिहितो आहे, असे कोणी समजू नये. स्वतःला फसवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. फुकुशिमाचेच घ्या. केंद्र बांधताना जेमतेम ३ मीटरच्या लाटेचा हिशेब धरला होता, पुढे तो सुमारे ६ मीटरवर नेला. २००८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच आतल्या आकडेमोडीत १५.७ मीटरची लाट येऊ शकते असे निघाले. कागद बाजूला ठेवला गेला. २०११ ला जवळपास तेवढीच लाट आली. पुढे २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केले, की सुरक्षेची जादा कामे काढली तर लोक घाबरतील, कोर्टकज्जे होतील, या भीतीने ती टाळली. भिंत वाढवली तर आधीची कमी होती असा अर्थ निघेल, म्हणून भिंतच वाढवायची नाही! जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने या अपघाताला मानवनिर्मित म्हटले, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तिथेच आहे. भूकंप आणि लाटेने १८ हजारांच्या वर माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. किरणोत्सर्गाने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने २०१८ मध्ये केंद्रातल्या एका कामगाराचा मृत्यू मान्य केला. पण घाईघाईने गावे रिकामी करताना आणि नंतर छावण्यांत हाल होऊन फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक दगावले. त्यात रुग्णालयांतून हलवलेले म्हातारेकोतारे बरेच. तयारी नव्हती, कुठे जायचे ते ठरलेले नव्हते. आणि इइताते नावाचे गाव, केंद्रापासून साधारण ४० किलोमीटरवर. तिथे आधी कोणाला काळजीच वाटली नाही. वाऱ्याने आणि पावसाने धूळ नेमकी तिकडे नेली आणि महिन्याभराने ते गाव उठवावे लागले. नवापूरचे अंतर मी वर लिहिले आहे. काकरापारच्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या आहेत, तिथे समुद्र नाही, हे मला मान्य आहे. पण वर उकाई आहे, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर सुरतेत पुराने काय झाले ते आमच्या बाजारातल्या प्रत्येकाने कोणाच्या तरी तोंडून ऐकले आहे.

'शून्य धोका' असे जो लिहून देतो तो खोटे बोलतो. आणि शून्य धोका लिहून द्या म्हणून जो अडून बसतो, तो त्याला खोटे बोलायला लावतो. या दोघांचे भांडण आपल्या पत्रांच्या रकान्यात वर्षानुवर्षे चालेल. मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो तीन साध्या गोष्टींत, आणि त्यासाठीच हे पत्र. काकरापारच्या परिसरातल्या किरणोत्सर्गाच्या नोंदी मराठीत नियमित छापून याव्यात, रोजच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या आकड्याशेजारी, म्हणजे वाचणाऱ्याला कमी-जास्त कळेल. तिथे आणीबाणी जाहीर झाली तर नंदुरबार जिल्हा प्रशासनाला कोण, किती वेळात कळवणार, ते दोन राज्यांनी मिळून जाहीर करावे. आणि थायरॉइड वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या वेळेवर घेतल्या तरच उपयोगी पडतात, तेव्हा त्या नवापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत ठेवणार की नाही, ते सांगावे. 'गरज नाही' असे उत्तर आले तरी माझी तक्रार नाही. का गरज नाही, ते मात्र आकड्यांनिशी आणि सहीनिशी छापावे.

आपला,
एक मिरची व्यापारी, नंदुरबार