ट्रान्स्क्रिप्टवरची एक ओळ आणि जर्मनीतला प्रवेश

संपादक महोदय,

पदवीचे निकाल लागू लागले की ‘जर्मनीत शिक्षण मोफत’ अशा जाहिराती पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत दिसू लागतात. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणाची फी घेत नाहीत, फक्त सत्राची वर्गणी घेतात. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. खासगी संस्था तर पूर्ण फी घेतात. म्हणून ‘कमी गुणांवर हमखास प्रवेश’ असे कोणी सांगितले, तर संस्था सरकारी की खासगी हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

पण हे पत्र फीसाठी नाही. चांगल्या मुलामुलींचे अर्ज आपल्याच विद्यापीठाने दिलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर, अडतात, त्याबद्दल लिहायचे आहे.

जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपली श्रेणी त्या पद्धतीत बसवायला ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल श्रेणीतून आपली श्रेणी वजा करायची, आलेल्या आकड्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणी यांच्यातील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. समजा सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) ७.६ आहे, कमाल १० आणि उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी ४. उत्तर येते २.२. त्याच विद्यार्थ्याची किमान श्रेणी ५ धरली गेली, तर उत्तर २.४४. अभ्यासक्रमाची अट २.३ असेल, तर पहिला अर्ज आत आणि दुसरा बाहेर, आणि दोन्ही अर्ज एकाच मुलीचे. ट्रान्स्क्रिप्टवर किमान उत्तीर्ण श्रेणी छापलेली नसली, की तपासणारा आपल्याकडच्या माहितीवरून आकडा धरतो. म्हणजे सगळा फरक एका न छापलेल्या ओळीचा.

दुसरी चूक मुले स्वतः करतात. सीजीपीएचे टक्के करून अर्जात भरतात. एखाद्या सूत्राने ७.६ चे ६८ टक्के झाले आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४० टक्के धरली, तर तेच गुण २.६ वर जातात. मूळ कागदावर जी पद्धत आहे तीच भरावी, रूपांतर त्यांच्यावर सोडावे.

क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककाचा, घोळही असाच. आपल्या चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला साधारण १६० क्रेडिट असतात. युरोपात एका वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमध्ये स्वतःच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचे काम मोजतात. तीन वर्षांच्या पदवीला तिथे १८० क्रेडिट होतात. आपले १६० जसेच्या तसे त्या १८० शेजारी ठेवले, तर चार वर्षे शिकलेली मुलगी कमी शिकलेली दिसते. पदवीची वर्षे, एका क्रेडिटमागचे तास आणि विषयवार अभ्यासक्रम, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह, सोबत जोडला तर हा प्रश्न उरत नाही. गणित किंवा प्रोग्रॅमिंगचे ठरावीक क्रेडिट मागणारे अभ्यासक्रम हा तपशील बारकाईने वाचतात. विषयाच्या नुसत्या नावावर ते समाधान मानत नाहीत.

नावाचेही तसेच. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि नाव दुसऱ्या रकान्यात. ऑनलाइन अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव भरावे. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा जरी फरक असला, तरी तो आधी दुरुस्त करून घ्यावा किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

आता तारखा. हिवाळी सत्राचे अर्ज अनेक ठिकाणी १५ जुलैपर्यंत घेतात, काही ठिकाणी त्याच्याही बरेच आधी बंद होतात. ‘युनी-असिस्ट’ या, अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर छाननीला चार ते सहा आठवडे धरावेत. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. या सगळ्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा जर्मन बाजूने तपासून दिलेला दाखला, हवे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही, मोजके अपवाद सोडले तर. निकालाची वाट पाहत जूनमध्ये ट्रान्स्क्रिप्टच्या रांगेत उभे राहणाऱ्याचे ते वर्ष बहुधा जाते. आधीच्या सत्रांचे ट्रान्स्क्रिप्ट डिसेंबरातच मागावे.

पैशांबद्दल थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, तेही तिथे पोहोचून खाते चालू झाल्यावर. घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवावा. ही अनामत तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क जर्मन कायद्याने भाडेकरूला दिला आहे, तो वापरावा. घरमालकाकडून वास्तव्याचा दाखला लेखी घ्यावा, कारण दोन आठवड्यांत करायच्या पत्त्याच्या नोंदणीला तो लागतो. आरोग्यविम्यात घाई नको. स्वस्त खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत सहसा परत येता येत नाही. तिशीच्या आतल्यांना विद्यार्थी दरातला सरकारी विमा मिळतो, तोच घ्यावा.

आमची विनंती राज्यातल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना आहे. ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या बाजूला इंग्रजीत चार गोष्टी छापाव्यात: कमाल श्रेणी, उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी, एका क्रेडिटमागचे तास आणि शिकवण्याची भाषा. अर्ज आल्यापासून किती दिवसांत ट्रान्स्क्रिप्ट मिळेल हे संकेतस्थळावर लिहावे आणि ते पाळावे. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या ऑगस्टमध्येच हे वेळापत्रक सूचनाफलकावर लावावे. गावाकडच्या मुलांना विद्यापीठाच्या शहरात ट्रान्स्क्रिप्टसाठी दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. ज्यांच्याकडे एसटीच्या भाड्याचेही पैसे मोजून असतात, त्यांचे अर्ज याच खेपांमध्ये राहून जातात.

आपले नम्र,
परदेशी प्रवेशाच्या कागदपत्रांत विद्यार्थ्यांना मदत करणारे काही शिक्षक, पुणे