मे महिन्यात जन्मलेल्यांनी काय घोडं मारलंय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मधनंअधनं 'अमुक महिन्यात जन्मलेली माणसं अशी असतात' छापाचा मजकूर येतो, परवा जूनवाल्यांचा नंबर होता. जूनची माणसं म्हणे चंचल, दोन्ही डगरींवर हात ठेवणारी, हातातलं काम तडीला न नेणारी. कोल्हापुरात पेपर वाटायचा आणि हे छापायचं म्हणजे कमालच झाली राव. २६ जून १८७४ ला कागलच्या घाटग्यांच्या घरात कोण जन्मलं ते इथलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम काढणारे शाहू महाराज चंचल होते होय? आणि ३ जून १८९० चे बाबूराव पेंटर, सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचा म्हणून दोघं भाऊ बसले, आनंदराव मधेच वारले, तरी बाबूरावांनी तो पुरा करूनच सोडला.

बरं, जन्ममहिन्यावरनं स्वभाव सांगायचा तर आधी जन्मतारीख तरी खरी पाहिजे की. आमच्या वडलांच्या पिढीत निम्मं गाव १ जूनचं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. थोरामोठ्यांचंही तेच, शिवाजी महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आजच्या कॅलेंडरात ती १ मार्च होते, म्हणजे महिनाच बदलला, आता स्वभाव कुठल्या महिन्याचा धरायचा? त्यात आपल्या कोल्हापुरात पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, पेठांतनं मिरवणुका निघतात त्या एप्रिल-मेच्या उन्हात.

माझं डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळं जयंत्या मला तोंडपाठ. जानेवारीत सावित्रीबाई, जिजाऊ, विवेकानंद, सुभाषबाबू, नुसती रांग. एप्रिलात तर जेवायला टाइम नसतो, ११ ला महात्मा फुले आणि १४ ला बाबासाहेब, मधे जेमतेम दोन दिवस, म्हणून बरीच मंडळं एकच बोर्ड करतात, वर दोघं शेजारीशेजारी आणि खाली कार्यकर्त्यांचे फोटो, ते वाढत वाढत इतके होतात की शेवटी म्हणतात वरचे दोन जरा बारीक करा. मी करत नाही. (बिंदू चौकात हे दोघं एप्रिलवाले ९ डिसेंबर १९५० पासनं शेजारी आहेत, बाबासाहेब हयात असतानाच पुतळा बसला.)

तर महिन्यानं माणूस मोठा होत नाही की बारका होत नाही, पण लोकांच्या ध्यानात कोण राहणार हे मात्र महिना ठरवतोय असं माझं स्पष्ट मत झालंय. शाहू महाराजांची जयंती सणासारखी करा असा ठराव १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाला, आणि आपल्याकडं ती होतेही तशी, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पोरं रेनकोट घालून प्रभातफेरीला. मे महिन्यात जन्मलेल्यांना हे कुठलं? शाळांना कुलूप, पोरं मामाच्या गावाला. संभाजी महाराज १४ मे चे, अहिल्यादेवी ३१ मे च्या, त्यांच्या मागं मंडळं आहेत, समाज आहे, मिरवणूक निघते, म्हणून निभावतं. पण ९ मे १८६६ चे गोपाळ कृष्ण गोखले? आजवर त्यांचा एक बोर्ड मी छापलेला नाही, कुणी मागायलाच आलं नाही.

आणि हा माणूस काय लांबचा नाही हो. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, पण शाळा कागलात आणि कोल्हापुरात, पुढं आपल्याच राजाराम कॉलेजात. गांधीजी ज्यांना राजकीय गुरू मानायचे ते गोखले. पोरांना प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करा म्हणून १९११ साली त्यांनी कायदेमंडळात विधेयक मांडलं, इंग्रज सरकारनं पुढच्या वर्षी ते पाडलं. जे दिल्ली-कलकत्त्यात जमलं नाही ते १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात करून दाखवलं, म्हणजे कागलात शिकलेल्यानं मागितलं आणि कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्यानं दिलं, पण गोखले ते बघायला नव्हते, १९१५ लाच गेले. त्यांची पुण्यतिथी कधी येते माहितेय का? १९ फेब्रुवारी. त्या दिवशी महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाचं नाव निघणार? जन्मले सुट्टीत आणि गेले शिवजयंतीला, असं नशीब आहे गरिबाचं.

मे महिन्यात कोल्हापूर झोपलेलं असतं असंही नाही. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन, २०२२ ला शंभर वर्षं झाली तेव्हा अख्खं शहर शंभर सेकंद जाग्यावर उभं राहिलं होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी गोखल्यांची जयंती, तिकडं कुत्रं फिरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच, जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यातला एक तास मेमध्ये जन्मलेल्यांसाठी ठेवा, आणि कागल-कोल्हापुरातल्या शाळांनी तर गोखल्यांचा फोटो लावाच. तुम्ही पण ते स्वभावाचं सदर ९ मे ला एक दिवस बंद ठेवून तेवढ्या जागेत गोखल्यांवर चार ओळी छापा. ज्या शाळेला बोर्ड पाहिजे त्यांना गोखल्यांचा तीन बाय दोनचा मी फुकट करून देतो, फक्त फोटो चांगल्या रिझोल्युशनचा आणा, पगडी-उपरण्यातला, व्हॉट्सअ‍ॅपवरनं फिरून आलेला मोठा केला की फुटतो.

आपला,
एक फ्लेक्सवाला वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर